व्यंकटीभाऊंचं ऐकणं

व्यंकटीभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सकाळी दहाच्या उन्हात एका परक्या माणसाच्या गाडीत बसून झोपले होते. निदान मला तसं वाटलं. गाडी चालू होती, दारं बंद होती, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर साठीचा एक सडपातळ माणूस चपला बाहेर काढून, अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवून, डोळे मिटून बसला होता. गाडीचा मालक बाहेर हाताची घडी घालून उभा. मी विचारलं, "मिस्त्री कुठे आहेत?" तो कुजबुजत म्हणाला, "हे काय, आतमंदी. आयकून राह्यले."

मी सरकारी कार्यालयातला कारकून. आमच्याकडे साहेब टेबलाशी बसून डोळे मिटतात, त्याला आम्ही विचारविनिमय म्हणतो. त्यामुळे या प्रकाराचं मला फारसं नवल वाटलं नाही. राग मात्र आला, कारण मला घाई होती.

अहेरीहून आलापल्लीकडे निघालं की गाव संपता संपता उजव्या हाताला एक जुनं मोहाचं झाड लागतं. त्याच्याखाली टिनाचं छप्पर, ते व्यंकटीभाऊंचं दुकान. गाड्यांच्या वायरिंगचं काम. दिवस फाल्गुनाचे होते. मोह गळत होता. उभ्या गाड्यांच्या बॉनेटवर फुलं टप टप पडत, आणि साऱ्या अंगणाला तो गोड, जड वास सुटलेला असे. त्या वासात माणूस पाच मिनिटं उभा राहिला की आपण कशासाठी आलो होतो हे त्याला नीटसं आठवत नाही. मला वाटतं व्यंकटीभाऊंचं अर्धं काम ते झाडच करत असावं. भांडायला आलेलं गिऱ्हाईक तिथं बाजेवर बसायचं आणि हळूहळू निवायचं.

दुकानाच्या दारावर तोरण होतं. आंब्याच्या पानांचं नव्हे, गाड्यांच्या सेन्सरांचं. बोटाएवढे, अंगठ्याएवढे काळे सेन्सर एका वायरीत ओवलेले. वारा आला की एकमेकांवर आपटून बारीक आवाज करत. मी म्हटलं, "हे सगळे खराब झालेले का?"

"एकबी नाई," व्यंकटीभाऊ म्हणाले. "हे सारे बेकसूर आहेत, बाबू. लोकाइनं उगाच काढून फेकले."

आणि मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पुढे ते शंभर जणांना तसंच समजावताना मी ऐकलं, तरी दरवेळी पहिल्यांदाच सांगतायत अशा आवाजात. "सेन्सर म्हणजे गावचा कोतवाल. त्यानं पायलं, गावात वाघ आला. त्यानं निरोप धाडला. पण मधात नाला भरून राह्यला, निरोप तहसीलात पोचलाच नाई. आता तहसीलदार काय म्हणते? कोतवाल झोपला होता! काढा त्याले! नवा कोतवाल आणते. त्याचाबी निरोप पोचत नाई. नाला कोणी पाहतच नाई ना जी."

नाला म्हणजे वायर, आणि वायरीची जिथं जोडणी असते ती जागा. व्यंकटीभाऊंची सारी हयात या नाल्यांच्या काठाने गेली होती.

त्यांची पद्धत न्यारीच होती. गिऱ्हाईक आलं की ते आधी त्याचं तोंड बंद करत. "रोग नोको सांगू. काय झालं ते सांग." मग प्रश्न विचारत. कधी रुसते? सकाळी का सांजेले? भरली असताना का खाली? चढावर का उतारावर? त्या दिवशी तू काय केलं होतं? गाडीत कोण होतं? एकदा एक शिक्षिका आल्या. त्यांच्या गाडीत समोर पिवळा दिवा सारखा लागायचा. तो बघवेना म्हणून बाईंनी त्याच्यावर कपाळाची टिकली चिकटवून ठेवली होती. व्यंकटीभाऊ इतके हसले की बाजेवर बसावं लागलं. मग उठून त्यांनी कुठलीशी सैल जोडणी साफ करून घट्ट बसवली, दिवा विझला. टिकली मात्र काढली नाही. "राहू द्या बाई. गाडीले शोभून राह्यली."

वायर तपासताना ते तेलुगूत मोजत. ओकटी, रेंडू, मूडू... त्यांची आई सिरोंच्याकडची, मोजायला तिनं शिकवलेलं. गिऱ्हाइकांशी मराठी, बाजारातून आलेल्या गावकऱ्यांशी गोंडी, आणि वायरींशी तेलुगू. दोष शोधायचं एक छोटं मशीनही त्यांच्याकडे होतं. त्याला ते पंचांग म्हणायचे. "पंचांगात पाऊस लिवला असते. पिळून पाहा, थेंब नाई निघत."

तर माझी घाई. तिच्यामुळेच मी त्या झाडाखाली गेलो होतो, आणि ती गोष्ट सांगताना आजही माझे कान गरम होतात.

आमच्या कार्यालयाच्या जीपवर मारोती नावाचा कंत्राटी चालक होता. तिशीतला, मितभाषी, गाडी पुसताना गुणगुणणारा. दर सोमवारी साहेबांना किंवा आमच्यापैकी कुणाला आतल्या गावांच्या दौऱ्यावर न्यायचं हे त्याचं काम. आणि गेल्या काही महिन्यांत ही जीप त्या दौऱ्यावर रस्त्यात बंद पडू लागली होती. अर्धा तास ढिम्म. मग आपोआप चालू. चंद्रपूरच्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्यांनी मशीन लावलं, इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर बदलला. पुढच्या सोमवारी पुन्हा बंद. पुन्हा चंद्रपूर. या खेपेस त्यांनी गुळगुळीत डांबरी रस्त्यावर तासभर फिरवली आणि लिहून दिलं, वाहनात कोणताही दोष नाही.

दोष वाहनात नाही म्हटल्यावर तो कुणात तरी असणारच. त्यात भर म्हणजे जीप दरवेळी एकाच ठिकाणी बंद पडायची, आणि तिथून हाकेच्या अंतरावर मारोतीची सासुरवाडी. कार्यालयात हशा पिकला. "जावयाले भूक लागली की गाडी थांबते." साहेबांचे दोन दौरे वाया गेले तेव्हा हशा थांबला आणि कागद निघाला. तो कागद मी लिहिला. 'सदर चालक वाहनात बिघाड झाल्याचे हेतुपुरस्सर भासवून शासकीय कामात अडथळा आणीत असल्याचे दिसून येते. सबब त्याचे कंत्राट समाप्त का करण्यात येऊ नये...' आठ दिवसांत खुलासा. 'भासवून' हा शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झालो होतो. मारोतीला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

कागद हातात पडल्यावर मारोती माझ्या टेबलाशी आला. कुणी लिहिला ते त्याने विचारलं नाही. म्हणाला, "नोकरी जाईन तं जाईन जी, बाबू. पण सासुरवाडीत तोंड कसं दाखवू? सारे म्हणतीन, गाडी बंद पाडून जेवाले येत होता. एक डाव व्यंकटीभाऊले दाखवू द्या." साहेब म्हणाले, दाखवा, पण कुणीतरी बरोबर जा, नाहीतर मिस्त्री याचाच कुणी मामा निघायचा. असा मी त्या झाडाखाली पोचलो.

जीप दोन दिवस तिथं उभी राहिली. व्यंकटीभाऊ तिच्यात बसले, डोळे मिटले, ऐकलं. इंजिन चालू ठेवून एकेक वायर हलवली, ओकटी, रेंडू. जीप शहाण्यासारखी चालत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून होते. हातात पाना नाही, मीटर नाही. नुसते बघत होते. मी वाकून पाहिलं. मुंग्यांची एक रांग टायरवरून वर चढत होती.

"मोह पडलाय ना सगळीकडे," मी शहाणपणा केला.

"मोह तं खाली पडून आहे," व्यंकटीभाऊ म्हणाले. "मंग ह्या वर कायले चालल्या?"

त्यांनी बॉनेट उघडलं आणि मुंग्यांच्या मागोमाग नजरेने वर गेले. बराच वेळ. माझ्या अंगावर फुलं पडत होती, रस्त्याने एक बैलगाडी जाईजाईतो तिच्या चाकांचा आवाज येत राहिला, आणि मला वाटलं की आपण तिघं, म्हणजे मी, ते आणि ती रांग, असेच उन्हाळाभर इथं राहणार. शेवटी त्यांनी हात इंजिनाच्या मागच्या अंगाला घातला, बोटं बाहेर काढून नाकाशी नेली आणि बॉनेट लावून टाकलं.

"सापडलं?"

"सापडलं."

"मग दुरुस्त करा की!"

"आता साफ केलं तं गाडी बरी होईन, बाबू. पण मारोती खोटाच राहीन." ते हात पुसत म्हणाले. "तुमच्या समोर बंद पडली पायजे. सोमवारी जाऊ. जशी रोज जाते तशी. मारोतीनं रोज जे केलं ते सारं करायचं. काही सोडायचं नाई."

सोमवार म्हणजे खुलाशाच्या आठव्या दिवसाचा आदला दिवस. मारोतीने त्या सकाळी दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. व्यंकटीभाऊ पुढे त्याच्या शेजारी, मी मागे. पळस फुलला होता. पानं गळालेल्या सागवानातून ऊन थेट रस्त्यावर उतरत होतं, आणि वाळलेली मोठाली पानं जीपच्या वाऱ्याने उठून थोडं अंतर आमच्याबरोबर यायची. व्यंकटीभाऊंचे डोळे मिटलेले. मला मधेच पेंग आली.

जाग आली ती जीप थांबल्यामुळे. मी दचकून म्हटलं, "बंद पडली?"

"नाई जी. देव," मारोती म्हणाला.

चढाच्या मध्यावर, झाडाखाली, शिवेवरच्या देवाचा दगड होता. येणारा-जाणारा तिथं एक पान ठेवून पुढे जातो. ठेवलेल्या पानांचा ढीग पडला होता. मी उतरून पान ठेवलं, हात जोडले आणि जरा आडोशाला गेलो. परत आलो तेव्हा मारोती बॉनेट लावत होता. व्यंकटीभाऊ जागेवरच होते, पण त्यांचा एक डोळा उघडा होता.

चढ संपला. पुढे खडबडीत उतार लागला. जीप दगडांवरून नाचत चालली होती. आणि अचानक इंजिनाचा आवाज गेला. नुसतं चाकांखालच्या मुरमाचं चरचरणं राहिलं.

"गेअर काढू नोको!" व्यंकटीभाऊ ओरडले. मी त्यांना पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. "बाबू, काटा पाहा! इंजिनाचा काटा!"

मी पुढे वाकून पाहिलं. जीप उताराने घरंगळत होती, गेअरमध्येच, म्हणजे चाकांबरोबर इंजिनही आत फिरतच होतं. पण फेरे दाखवणारा काटा पार शून्यावर जाऊन पडला होता.

"इंजिन फिरून राह्यलं का नाई? राह्यलं. काटा काय म्हणते? मेलं म्हणते. मधात कोण खोटं बोललं? मारोती बोलला का?"

जीप थांबली. मारोतीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच घट्ट होते. शर्ट पाठीला चिकटला होता. व्यंकटीभाऊंनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "जाय, सासुरवाडीहून घागरभर पाणी आण. आता गेला तं कोणी काही म्हणत नाई." तो गेल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागे, सेन्सरची वायर जिथं येऊन जुळते, ती जोडणी त्यांनी सोडवली आणि माझ्यासमोर धरली. आतल्या पितळी काड्यांवर हिरवा-पांढरा थर चढला होता. वर ओल होती, चिकट.

"वास घ्या."

नारळाचं पाणी. मला क्षणभर कळेना. मग तो दगड, तो चढ, ते लागणारं बॉनेट, सगळं एकत्र आलं.

"दर सोमवारी नारळ फोडते तो," व्यंकटीभाऊ हळू आवाजात म्हणाले. "अर्धं पाणी देवाले, अर्धं इंजिनले. बैलाले कसं चढावर आधी पाणी पाजते, तसं. राबणाऱ्याले पहिलं पाणी. मी बसल्या जागी आयकलं ना, इंजिनवर पाणी पडल्याचं. गाडी चढावर उभी, नाक वर. पाणी जाते मागं. थेट इथी. मंग उतारावर हादरे बसते अन् निरोप तुटते. अर्ध्या तासात इंजिनच्या गरमीनं सुकते, जुळते. चंद्रपूरले नारळ कोण फोडते?"

माझ्यातला कारकून जागा झाला. "म्हणजे शेवटी चूक मारोतीचीच!"

व्यंकटीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या न जुळणाऱ्या वायरीकडे पाहावं तसं, आता हिचं काय करावं, अशा नजरेने.

"तुमच्या कागदात काय इचारलं आहे जी? तो बहाणा करते का. करते का?"

"नाही."

"मंग तेवढं लिवा. गाडी खरंच बंद पडत होती. जोडणीत ओल जाऊन गंज चढला. मी साफ करून देतो, वरून झाकण करतो, रबर बसवतो. बाकीचं ज्याले सांगायचं त्याले मी सांगीन."

"पण ओल कशाची, असं साहेब विचारतील."

"सायब या रस्त्यानं येतीन तवा इचारतीन," ते म्हणाले आणि खिशातून बारीक कानस काढून खाली मुंडी घालून घासू लागले. ओकटी, रेंडू, मूडू.

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. ऊन, पळस, कानशीचा किसकिस आवाज. मला आपली लाज वाटत होती, आणि ती कुठं ठेवावी ते कळत नव्हतं. आयुष्यभर मी कागदावर पूर्ण सत्य लिहिण्याचा अभिमान बाळगला होता, आणि 'भासवून' लिहिताना त्यातलं कणभरही माझ्या हाताशी नव्हतं. मारोती डोक्यावर घागर घेऊन आला. मागून त्याचा सासराही, हातात ताकाचा गडवा. जीप एका फटक्यात चालू झाली तेव्हा मारोती हसला नाही. तो जीपच्या पलीकडे जाऊन, पाठमोरा, बराच वेळ उभा राहिला.

परत येताना देवापाशी जीप थांबली तशी व्यंकटीभाऊ मारोतीला घेऊन उतरले. मी गाडीतच बसून राहिलो. दोघं पानांच्या ढिगाशी वाकून उभे होते. व्यंकटीभाऊंचा हात मारोतीच्या खांद्यावर. मारोतीने एकदम कपाळावर हात मारून घेतला. मग एवढंच माझ्या कानावर आलं, "चाकबी राबतेच ना रे. चाकाले देत जा."

मी दोन ओळींचा अहवाल लिहिला, जोडणीत ओल जाऊन गंज चढल्याचा. त्यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी ओल कशाची ते विचारलं नाही. कागद फाइलला लागला, मारोती जीपवर राहिला.

त्यानंतर मी अहेरीत तीन वर्षं होतो. कारण असो-नसो, सायंकाळी त्या झाडाखाली जाऊन बसायचो. व्यंकटीभाऊंनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मारोतीनेही नाही. माझ्या मनात मात्र एक वाक्य तयार होतं, ते दर सोमवारी जीपमध्ये बसताना ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. एवढी शुद्ध भाषा लिहिणाऱ्या माणसाला ते साधं वाक्य काही केल्या बोलता येईना.

बदलीचा हुकूम आला. सामान पुढे गेलं होतं, मला चंद्रपूरला सोडायला मारोती जीप घेऊन आला. बाजार मागे पडल्यावर तो समोर बघतच म्हणाला, "बाबू, तो कागद तुमीच लिवला होता ना?"

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. हापिसात दुसऱ्या कोणाले असं मराठी येते?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"मले लय राग होता," तो म्हणाला. "व्यंकटीभाऊ म्हणे, राग नोको धरू. लिवणारा गाडीत बसून रस्त्यावर तं आला. येते का कोणी?"

मोहाच्या झाडाशी त्याने जीप उभी केली. निरोप घ्यायला मी उतरलो. व्यंकटीभाऊ कुणाच्या तरी पांढऱ्या गाडीत बसले होते, इंजिन चालू, काच खाली, डोळे मिटलेले. या तीन वर्षांत ते पार वाळले होते. मी खिडकीशी गेलो तसं त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांबा.

मी थांबलो. मारोती येऊन शेजारी उभा राहिला. इंजिन एका लयीत चाललं होतं. वारा नव्हता. आम्ही दोघं त्या वर धरलेल्या बोटाकडे बघत होतो, आणि मला वाटलं, हे बोट आता मी काही बोलल्याशिवाय खाली येणार नाही.

"मारोती," मी म्हटलं, "माझं चुकलं. तुला आधी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

मारोतीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हळू बोला जी," तो म्हणाला. "त्याइले आयकू द्या."

व्यंकटीभाऊंचे डोळे मिटलेलेच होते. बोट मात्र खाली आलं.